लाकडी फ्लोअरसाठी पॉलिसीवर कर्ज काढू का?

पत्र थोडक्यात असं. वय ३८, घरात कमावणारे एकटेच, बायको आणि दोन शाळकरी मुलं. तळमजल्यावर स्वतःचं घर, होम लोन ९ टक्क्यांनी चालू आहे, १४ वर्षं बाकी. हॉल आणि दोन बेडरूमना सॉलिड ओकचं फ्लोअरिंग करायचंय. कोटेशन नऊ महिन्यांच्या पगाराएवढं आलं आणि होती ती एफडी मोडून एक पगार अ‍ॅडव्हान्स देऊनही झालाय. प्रश्न असा की उरलेल्या आठसाठी १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं पर्सनल लोन घेऊ की नऊ वर्षं जुन्या पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढू? आणि शेवटची ओळ, "लाकूड ५० वर्षं टिकतं, घराची किंमत वाढते, म्हणजे हा खर्च नाही, गुंतवणूकच आहे ना?"

नाही. गुंतवणूक नाहीये, खर्चच आहे. हौसेचा खर्च करायला माझी काही हरकत नाही, पण मग त्याला हौस म्हणा. घर विकताना लाकूड बघून कुणी थोडे जास्त देईलही, पण लावलेले सगळे पैसे वर नफा घेऊन परत येतील हे फक्त फ्लोअर विकणाराच सांगतो.

आता तुम्ही न विचारलेलं. आकडे छापू नका म्हणालात म्हणून सगळं पगारात मोजतो. पॉलिसीचा प्रीमियम वर्षाला दोन पगार, मुदत २० वर्षं, शेवटी मिळणार ७० पगार, आणि कव्हर प्रीमियमच्या दहापट म्हणजे २० पगार. होम लोनचे अजून ३६ पगार देणं आहे. दुसरा विमा नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि तेही कंसात, जाता जाता.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कंपनी २० देणार (बोनस असेल तर थोडं वर) आणि बँक ३६ मागणार. त्यात पॉलिसीवर आठचं कर्ज काढलं असेल तर ते आधी वळतं होतं, उरले १२. बारा पगार म्हणजे एक वर्ष. त्या एका वर्षात तुमच्या बायकोने लोन फेडायचं, मुलांच्या फी भरायच्या, घर चालवायचं आणि ओकच्या फ्लोअरवर बसून पुढचा विचार करायचा. हे तुम्हाला कुणी विमा म्हणून विकलं? विकणाऱ्याने कमिशन बघितलं, तुमच्या घरात किती माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत ते बघितलंच नाही.

एजंट म्हणाला की पॉलिसीवरच्या कर्जाला हप्ता नसतो, व्याज मॅच्युरिटीत वळतं होईल. खरंय, आणि गंमत तिथेच आहे, कारण साडेनऊ टक्क्यांनी व्याजावर व्याज चढत गेलं तर ११ वर्षांत आठाचे जवळपास २२ होतात, म्हणजे सत्तरातले हातात ४८, आणि तोवर तुम्ही भरलेले असतील ४०. मध्येच कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या) वर गेलं तर पॉलिसी बंदही होऊ शकते. पर्सनल लोन निदान उघड महाग आहे. पगाराच्या शंभर रुपयांतले ३८ होम लोनला जातात, १७ प्रीमियमला, त्यात लोनचे १८ टाका, चार माणसांना उरले २७. जमेल? मला तरी जमेलसं वाटत नाही. म्हणून दोन्ही नको.

मग पॉलिसी मोडू का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. घाई करू नका. तुम्ही "पैसे जवळपास दुप्पट" म्हणता ते ४० भरून ७०, आणि तेही २० वर्षांत थोडं थोडं भरून, तर ते वर्षाला साधारण ५ टक्केच पडतात, फार काही नाही. पण पहिल्या वर्षांतलं नुकसान होऊन गेलंय, ते परत येत नाही. आज मोडली तर ११ मिळतात. तेव्हा हिशोब आजपासून करायचा, हे ११ सोडून द्यायचे, वर ११ वर्षं दोन-दोन भरायचे आणि शेवटी ७० घ्यायचे. असा धरला तर इथून पुढचा परतावा साडेनऊच्या आसपास येतो, म्हणजे होम लोनच्या व्याजाला तोडीस तोड. चुकीची घेतलेली पॉलिसी आता चालू ठेवणं शहाणपणाचं असू शकतं.

फक्त ते ७० लेखी गॅरंटीड आहेत की एजंटने वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेले आहेत ते बघा. कंपनीकडून लेखी मागवा, गॅरंटीड किती, बोनस धरून किती आणि पेड-अप केली (पुढचे प्रीमियम थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती. गॅरंटीड आकडा ५० निघाला तर पुढचा परतावा साडेपाचावर येतो, मग मोडून ते पैसे सरळ होम लोनमध्ये भरलेले बरे. पण काहीही करायच्या आधी साधा टर्म प्लॅन घ्या, ज्यात जिवंत राहिलात तर काहीच परत मिळत नाही तो. १५ वर्षांचा पगार अधिक लोन, म्हणजे २०० पगारांच्या पुढचं कव्हर हवं. तब्येत ठीक असेल तर त्याचा प्रीमियम वर्षाला दोन पगारांच्या बराच खाली बसतो. तब्येतीची माहिती खरी भरा, लपवाल तर ऐन वेळी क्लेम अडकेल. टर्म प्लॅन हातात पडल्याशिवाय जुन्या पॉलिसीला हात लावायचा नाही.

त्यानंतर इमर्जन्सी फंड. एफडी मोडलीत म्हणजे आता शून्य आहे. निदान तीन पगार बाजूला पडू द्या, जमले तर सहा.

आता फ्लोअर. पत्रात एक वाक्य आहे की हॉलच्या कोपऱ्यात ओल येते आणि फ्लोअरवाला म्हणाला, "लाकडाखाली झाकली जाईल". हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. लाकूड हवेतला आणि खालचा दमटपणा शोषतं, फुगतं, कोरडं पडलं की आकसतं. खालून ओल लागली की पट्ट्यांच्या कडा वर येतात, मधला भाग खोलगट राहतो. तेव्हा घाईने घासून सपाट केलं तर वाळल्यावर मधलाच भाग फुगीर दिसतो. आणि ओलीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा.

दुसरं म्हणजे कोटेशनमध्ये फक्त लाकूड आणि मजुरी आहे, "टाइल्सवरच बसवतो" म्हणे. सॉलिड पट्टी साधारण १९ मिमी जाड असते आणि ती खिळ्यांनी ठोकून बसवतात, टाइलला खिळा धरत नाही. खाली साधारण १८ मिमीचा प्लाय, त्याखाली ओल अडवणारी शीट, म्हणजे फ्लोअर ३७ मिमी वर येणार आणि सगळे दरवाजे खालून कापावे लागणार. वर ५ ते १० टक्के माल कापण्यात वाया, भिंतीजवळ १०-१२ मिमी फट, ती झाकायला स्कर्टिंग. नऊचे अकरा धरा. बसवायच्या आधी लाकूड काही दिवस त्याच खोलीत ठेवायचं असतं आणि लाकडातली व प्लायमधली ओल मीटरने मोजायची असते, अरुंद पट्ट्यांना ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, रुंद फळ्यांना २. तुमच्या माणसाकडे मीटर आहे का विचारा, नसेल तर माणूस बदला.

५० वर्षं टिकतं हे खोटं नाही, पण फुकट टिकत नाही. पट्टीच्या जिभेच्या (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या) वर लाकूड जेमतेम ६ मिमी असतं, दर घासाईत अर्धा ते एक मिमी जातो, म्हणजे घासायच्या वेळा मोजक्याच. त्या पुरवायच्या तर दर तीन-पाच वर्षांनी वरचं कोटिंग नुसतं खरवडून नवा हात द्यायचा, खुर्च्यांना फेल्ट लावायचं, दारात पायपुसणं ठेवायचं, जेमतेम ओलसर कापडाने पुसायचं, स्टीम मॉप आणि व्हिनेगर नको. खोलीतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहायला हवी, त्यासाठी मशीन चालवावं लागलं तर त्याचं बिल दर महिन्याला येणार.

अ‍ॅडव्हान्सचं काय, तर आजच फोन करून माल कापलाय का विचारा. कापला नसेल तर ऑर्डर एका बेडरूमपुरती करून घ्या, तिथे वर्दळ कमी असते आणि ती ओलीच्या कोपऱ्यापासून लांब आहे. तेवढीही आत्ता नको, टर्म प्लॅन आणि तीन पगार झाले की साठवलेल्या पैशांतून. माल परत घेणार नाही म्हणाला आणि एक पगार बुडाला तरी बुडू द्या, तो वाचवायला आणखी आठचं कर्ज काढू नका.