वाचकांचे प्रश्न : व्हॅम्पायरांची टोळी आणि रसविरोध

प्रश्न : जोएल शूमाकर यांचा १९८७ सालचा ‘द लॉस्ट बॉईज’ हा चित्रपट नुकताच पाहिला. आई आणि तिची दोन मुले कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या गावी आजोबांकडे राहायला येतात आणि थोरला मायकेल मोटारसायकलींवर हिंडणाऱ्या व्हॅम्पायर तरुणांच्या नादी लागतो. भयानक रस हा शृंगार आणि हास्य या दोहोंचा विरोधी, असे आम्ही साहित्यशास्त्रात शिकलो. मग येथे तिन्ही एकत्र कसे नांदतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संस्कृत साहित्यशास्त्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हा विरोध सांगितला आहे, हे खरे, परंतु आनंदवर्धनाने त्याच्या कित्येक शतके आधी ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात (प्रकरणात) त्यातून सुटण्याची वाटही दाखवली होती. एकाच आश्रयात, म्हणजे भाव ज्याच्या मनात जागतो त्या पात्रात, परस्परांना मारक ठरणारे रस निरनिराळ्या आश्रयांत ठेवले की दोष उरत नाही. नायकाच्या ठायी वीर असेल, तर भय त्याच्या शत्रूच्या ठायी असावे. शूमाकर यांनी हा ग्रंथ चाळला असण्याची शक्यता नाही, पण चित्रपटाची रचना नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. शृंगार आणि भय मायकेलच्या वाट्याला आले आहेत, तर हास्य धाकट्या सॅमच्या आणि कॉमिक्स वाचून व्हॅम्पायर मारण्याचे शास्त्र शिकलेल्या त्याच्या दोन मित्रांच्या वाट्याला. (या फ्रॉग बंधूंची नावे एडगर आणि ॲलन आहेत, भयकथाकार एडगर ॲलन पो यांना केलेला हा नमस्कार.) थोरल्या भावाचे आरशातील प्रतिबिंब विरळ होत चाललेले पाहून सॅम हादरतो खरा, पण धमकी देतो ती आईला सांगण्याची! घाबरावे आपण मायकेलसाठी आणि हसावे सॅमला, अशी ही वाटणी आहे.

गुहेतील जेवणाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. टोळीचा म्होरक्या डेव्हिड, म्हणजे कीफर सदरलंड, मायकेलपुढे भात ठेवतो आणि मायकेलला त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागतात. एकाच चौकटीत भय आणि हसू आहे, पण हसते ती टोळी आणि भय आहे ते मायकेलचे. त्यानंतर तो मुकाट्याने बाटलीतील रक्त पितो, यात शरमेचा वाटा मोठा आहे.

प्रेमकथेला आधार आहे तो एका नियमाचा. रक्त प्यायलेला माणूस पहिली हत्या करीपर्यंत अर्धाच व्हॅम्पायर असतो आणि मुख्य व्हॅम्पायर मेला, तर तो पुन्हा माणूस होऊ शकतो. मायकेल आणि टोळीबरोबर राहणारी त्याची प्रेयसी स्टार ही दोघेही अशी अर्ध्या वाटेवर अडकलेली असल्यामुळे त्यांच्या प्रेमाला आपोआप मुदत पडते. मात्र स्टारची व्यक्तिरेखा फार तोकडी लिहिली आहे, हा दोष मान्य करावाच लागेल. ती सुंदर दिसते, घाबरते आणि वाट पाहते. याहून अधिक काही तिला करू दिलेले नाही.

प्रश्न : व्हॅम्पायर म्हटले की वाड्यात राहणारा प्रौढ सरदार आठवतो. येथे ते किशोरवयीन का? आणि चित्रपटाच्या नावाचा अर्थ काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाव जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’मधून आले आहे. दाईचे लक्ष नसताना बाबागाडीतून पडलेली आणि कोणी शोधत न आलेली मुले, म्हणजेच ‘लॉस्ट बॉईज’, तेथे पीटरबरोबर राहतात. रात्री उडत येणारा आणि कधीही मोठा न होणारा मुलगा व्हॅम्पायर असला तर, या कल्पनेवर मूळ पटकथा बेतलेली होती आणि तीत शाळकरी पोरे होती. शूमाकर यांनी त्यांचे वय वाढवले. माझ्या मते चित्रपट वाचला तो त्या निर्णयामुळे, कारण टोळीत सामील होण्याचा मोह, रात्रभर बाहेर राहणे आणि घरच्यांपासून तोंड लपवणे हे सारे त्या वयाचेच आहे आणि त्यासाठी रक्त पिण्याचीही गरज नसते.

प्रश्न : आईचा मित्र मॅक्स व्हॅम्पायर तर नाही ना, हे पाहण्यासाठी सॅम आणि फ्रॉग बंधूंनी त्याच्यावर केलेल्या सगळ्या परीक्षा निष्फळ ठरतात. मग शेवट ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : (शेवट जाणून घ्यायचा नसेल, त्यांनी हे उत्तर वगळावे.) नाही, शेवटी मॅक्सच मुख्य व्हॅम्पायर निघतो, तरीही. लसूण, पवित्र जल, आरसा, सारे करून मुले तोंडघशी पडतात आणि आपण त्यांना हसतो. परंतु त्याआधी दारात उभ्या असलेल्या मॅक्सने मायकेलकडून आत येण्याचे आमंत्रण मागून घेतलेले असते. घरच्याने बोलावलेल्या व्हॅम्पायरवर त्या घरात कोणताही उपाय चालत नाही, हे पुढे कळते. विनोदी प्रसंगाच्या आड पुरावा लपवण्याची ही युक्ती मला संपूर्ण पटकथेतील सर्वांत चतुर वाटते.

प्रश्न : ते गाव खरोखर आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : चित्रपटातील सांता कार्ला काल्पनिक आहे. चित्रीकरण सांता क्रूझ येथे झाले. तेथील किनाऱ्यावरचे मनोरंजन उद्यान १९०७ पासूनचे असून पडद्यावर दिसणारा लाकडी रोलर कोस्टर १९२४ मधील आहे.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला दाखवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील प्रेक्षकाबरोबर पालक हवा. किनाऱ्यावरील शेकोटीभोवतीचे हत्याकांड आणि अखेरची मारामारी बरीच रक्ताळ आहे. आपण आधी एकट्याने पाहावा; मुलगा भयपटांना सरावलेला नसेल, तर दोन-तीन वर्षे थांबावे.