बाकूत मागतो तो न्याय चंद्रपुरात कधी?

हवामान बदलाच्या राजकारणावर या सदरात लिहायला लागल्यापासून पत्रं वाढली आहेत. ज्यांत स्वतःच्या गावाचा, पोटापाण्याचा प्रश्न आहे अशी पत्रं आज आधी घेतली. नाव छापू नका, अशी बहुतेकांची विनंती होती, म्हणून फक्त गाव दिलं आहे.

कार्बन सोडण्यात भारत जगात तिसरा आहे. तरी प्रत्येक परिषदेत आपण अमेरिका-युरोपकडे बोट दाखवतो. ही पळवाट नाही का?
(निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

तिसरा क्रमांक खरा आहे. चीन, अमेरिका आणि मग आपण. पण हा क्रमांक लावताना १४० कोटींहून जास्त माणसांचा देश आणि ३४ कोटींचा देश शेजारी-शेजारी उभे केलेले असतात. माणशी हिशेब केलात तर भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकनाच्या वाट्याला सुमारे १४ टन. शिवाय हा वायू आज सोडला आणि उद्या विरला, असं होत नाही. शेकडो वर्षं तो वर साठून राहतो. कारखानदारी सुरू झाल्यापासूनच्या या साठ्यात अमेरिकेचा वाटा जवळपास चतुर्थांश आहे, आपला तीन-साडेतीन टक्के.

हा मुद्दा जगापुढे ठामपणे मांडणारे लोक आपलेच होते. १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका अमेरिकी संस्थेच्या आकडेवारीला आव्हान दिलं. बंगालमधल्या गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसा तोलता, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीचं वेगळं. पुढच्याच वर्षी रिओच्या हवामान करारात ‘सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व आलं, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. त्यानंतरचा इतिहास मात्र थकबाकीचा आहे. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. तो आकडा त्यांच्याच हिशेबानं २०२२ मध्ये गाठला गेला. २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते, हातावर ठेवले गेले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभागृहात त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. मला ते योग्यच वाटतं.

म्हणून पळवाट नाही. पण तुमच्या शंकेत एक काटा आहे आणि तो मलाही टोचतो. २ टन ही सरासरी आहे. मुंबईत प्रत्येक खोलीत एसी आणि खाली चार गाड्या असलेलं घर त्यात आहे, आणि मेळघाटात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणारं घरही त्यातच आहे. जगापुढे आपण मेळघाटातल्या बाईचा हिशेब मांडतो. देशात वीज, रस्ते, जमीन वाटताना मात्र तिचं नाव यादीत खाली असतं. जगण्याचं आणि चैनीचं उत्सर्जन हा भेद आपण देशाच्या आतही लावला पाहिजे. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हेच सांगणार आहे.

मी वीज केंद्रापासून चार किलोमीटरवर राहते. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. वीज जाते मुंबई-पुण्याला. आता कोळसा बंद होणार म्हणतात. मग धूरही आम्हीच खायचा आणि पोटावर पायही आमच्याच?
(शिक्षिका, चंद्रपूर)

ताई, तुमच्या भागात एका घरी उतरलो होतो. सकाळी त्या घरच्या आजी तुळशीचं पान तोडण्याआधी ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘रोजचंच आहे, आता हात आपोआप जातो.’ ते फडकं त्यांनी पिळलं तेव्हा पाणी करडं झालेलं होतं.

तुमचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्य सरकारच्या वीज कंपनीचं सगळ्यांत मोठं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तोही याच सूत्राविरुद्ध. पाणी आणि भाताची खाचरं मावळातली, वीज मुंबईच्या गिरण्यांना. धरण झालंच. पण ज्याचं जातं त्याला विचारणार की नाही, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

कोळशातून बाहेर पडणं मला आवश्यक वाटतं. भारतानं २०७० चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं आहे. म्हणजे आपल्या हाताशी वेळ आहे, आणि ‘अचानक बंद पडलं’ असं म्हणायला कुणाला जागा नाही. खाणीतल्या कायम कामगाराची बदली होईल, त्याला भविष्य निर्वाह निधी मिळेल. कंत्राटी ड्रायव्हर, कोळसा उतरवणारा हमाल, गेटबाहेरची चहाची टपरी, टायर पंक्चरवाला यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. कोळसा सोडताना त्यावर जगणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, याला न्याय्य संक्रमण म्हणतात. या शब्दाला अर्थ द्यायचा तर आधी या माणसांची गणती झाली पाहिजे. ती आत्ता, केंद्र चालू असतानाच.

आणि पैसा नाही, हे उत्तर ऐकून घेऊ नका. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण ही कामं त्यातून आधी व्हायला हवीत. तुमच्या जिल्ह्याच्या प्रतिष्ठानचा तीन वर्षांचा गाववार खर्च माहिती अधिकारात मागा. तुमच्या गावात किती आला आणि शहराच्या सुशोभीकरणात किती गेला, ते कागदावर येऊ द्या. शिक्षिका म्हणून तुमच्या अर्जाला गावात वजन आहे.

मी प्लास्टिक पिशवी वापरत नाही, सायकलनं ऑफिसला जातो. घरचे म्हणतात तुझ्या एकट्यानं काय होणार?
(आयटी कर्मचारी, नाशिक)

सायकल सोडू नका. पण तिच्यासाठी सुरक्षित रस्ता मागायला प्रभागाच्या बैठकीला जा, सिटी बस वाढवा म्हणून निवेदन द्या. पन्नास जणांनी मिळून बसचा एक मार्ग सुरू करून घेतला, तर ज्यांना सायकल परवडते म्हणून नव्हे, तर दुसरं काहीच परवडत नाही म्हणून जे पायी जातात, त्यांचीही सोय होते.

आम्ही ऊसतोडीला जातो. मार्चपासून ऊन सोसवत नाही. चक्कर आली, एक दिवस बसलं, की खाडा धरतात. हे हवामान बदलात येतं का?
(ऊसतोड कामगार, बीड, पत्र मुलीनं लिहून पाठवलं)

येतं. माझ्या मते सगळ्यांत आधी हेच येतं.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते, ती टनावर फिटते. ऊन वाढलं की हात मंदावतात, टन कमी भरतो, उचल डोक्यावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं. वाढलेल्या तापमानाचं कर्जात रूपांतर होतं ते असं. ज्यानं आयुष्यात विमान पाहिलं नाही, तो दुसऱ्याच्या धुराची किंमत स्वतःच्या मजुरीतून चुकवतो.

ऊन माणसं मारतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारी चाललेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१३ मध्ये, अहमदाबादनं उष्णता कृती आराखडा बनवला होता. आता आपल्याकडेही असे आराखडे आहेत, पण ते मुख्यतः शहराचे: बागा उघड्या ठेवा, पाणपोया लावा, दुपारी बाहेर पडू नका. फडात राहणाऱ्याला ‘बाहेर पडू नका’ कसं सांगणार? तो बाहेरच राहतो.

माझी मागणी सोपी आहे. ठरावीक तापमानाच्या वर दुपारची तोड बंद, आणि त्या तासांची भरपाई. फडावर सावली आणि पाणी पुरवणं ही कारखान्याची जबाबदारी. आजाराच्या दिवशी खाडा नाही. ‘पैसे कुठून आणणार’ असं विचारणाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ आठवावा. त्यातूनच याच राज्यानं रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि पुढे देशानं ती उचलली. दुष्काळात काम हा हक्क होऊ शकतो, तर उन्हात सुट्टी का नाही?

तुमच्या मुलीचं अक्षर सुंदर आहे, तिला सांगा.

जनसुनावणीत बोलून काय उपयोग? सगळं आधीच ठरलेलं असतं. वर विकासविरोधी म्हणून शिक्का बसतो.
(आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

तुमचा राग मला समजतो. काही वर्षांपूर्वी एका सुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्रकल्पाचा मूळ अहवाल सातशेच्या वर पानं, इंग्रजी. लोकांच्या हातात मराठी सारांशाची मोजकी पानं. मांडवाच्या पुढच्या खुर्च्यांवर बाहेरून आणलेली माणसं. दोन तासांनी एक आजी माईकपाशी पोचल्या, सारांश उलटा-सुलटा करून म्हणाल्या, ‘ह्याच्यात माझी विहीर खंय आसा?’ व्यासपीठावर कुणालाच उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न इतिवृत्तात गेला. नंतर गावकऱ्यांच्या वकिलांनी तोच धरला, कारण अहवालात त्या वाडीतल्या एकाही विहिरीची नोंद नव्हती.

म्हणून बोला, पण कागद धरून बोला. पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघावी लागते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत सर्वांना वाचून दाखवायचं असतं. ते वाचून होईपर्यंत मांडव सोडू नका. निम्मे लोक जेवायला जातात आणि तेव्हाच तुमची हरकत ‘ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली’ अशी होऊन बसते. लेखी हरकत आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाला देऊन पोच घ्या. पुढे पर्यावरण मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते.

कागदाचा उपयोग होतो का? माहुलकडे पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतली कुटुंबं मुंबईत तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत नेऊन ठेवली. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचं हरित न्यायाधिकरणानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. रहिवाशांनी आजारपणाची कागदपत्रं जमवली, रस्त्यावर बसले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. लढा लांबला, माणसं दगावली, हे मी लपवत नाही. पण तोंडी तक्रारीवर तो आदेश मिळाला नसता.

शिक्क्याचं म्हणाल, तर विहीर वाचवणाऱ्याला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी आधी त्या विहिरीचं पाणी पिऊन पाहावं.

गावच्या गायरानावर सौर प्रकल्प येतोय. विरोध केला तर ‘हरित ऊर्जेला विरोध करता?’ असं ऐकवतात. आमचं चुकतंय का?
(मेंढपाळ कुटुंबातला तरुण, धुळे जिल्हा)

नाही चुकत. सौर ऊर्जा हवी, हे मी शंभरदा लिहिलं आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल तर आनंदच आहे. मात्र सौर पार्कला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही होत नाही. कोळशाच्या केंद्राला निदान मांडव तरी घालावा लागतो. खासगी जमीन भाड्यानं देणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी पैसे मिळतात. गायरानावर चरणाऱ्या मेंढरांच्या मालकाचा सातबारा नसतो, त्यामुळे भाड्याच्या यादीत तो नसतोच.

सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या १४ आणि २१ व्या अनुच्छेदांतून येणारा हक्क मानला. तो हक्क तुमचाही आहे. ग्रामसभेत ठराव मांडा: चराईचा रस्ता मोकळा, पाणवठ्याभोवती कुंपण नाही, पॅनलखाली मेंढ्यांना चरायला परवानगी, आणि प्रकल्पाच्या उत्पन्नातला वाटा पशुपालक कुटुंबांना नावानिशी. किती मेंढरं, कुठल्या महिन्यात, कुठून कुठे जातात, याचा नकाशा आधी काढा. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन पायी फिरून काढा, वाटा त्यांना ठाऊक असतात. तयार झाला की मला पाठवा. ठरावाचा मसुदा आपण मिळून लिहू.