स्थानिक किंमत शिकवताना टिपणातली रिकामी जागा नेमकी कुठे ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, पाचवीच्या वर्गाला रिकाम्या जागांची छापील टिपणे, म्हणजे हल्ली ज्यांना गाइडेड नोट्स म्हणतात ती, देऊन आपण स्थानिक किंमत शिकवली, मुलांनी सगळ्या जागा बरोबर भरल्या, आणि तरीही आठवड्याने घेतलेल्या चाचणीत ‘तीन लाख पाच हजार सात’ ही संख्या निम्म्या वर्गाने चुकीची लिहिली. तेव्हा ही टिपणे वापरावीत की सोडून द्यावीत? जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला गणित शिकवताना हाच अनुभव मी घेतला आहे. टिपणे सोडू नयेत, कारण दोष बहुधा त्यांतल्या रिकाम्या जागांचा असतो.

माझ्या पहिल्या टिपणात ‘अंकाच्या स्थानावरून ठरणाऱ्या किमतीला ______ किंमत म्हणतात’ अशा धर्तीची वाक्ये होती. मुले फळ्याकडे पाहून ‘स्थानिक’ हा शब्द उतरवीत आणि पेन्सिल खाली ठेवीत. त्यात शुद्धलेखनापलीकडे शिकण्यासारखे काही नव्हते. आता व्याख्या मी पूर्ण लिहून देते आणि जिथे मुलाला मोजावे लागते, गठ्ठा बांधावा लागतो किंवा सोडावा लागतो, तेवढीच जागा रिकामी ठेवते.

टिपण हाती देण्यापूर्वी एक छोटी तपासणी अवश्य करावी. मुलासमोर १६ चिंचोके ठेवावेत, कागदावर १६ लिहावे आणि आधी ६ कडे, मग १ कडे बोट दाखवून ‘हा अंक यांतल्या किती चिंचोक्यांचा?’ असे विचारावे. गणितशिक्षणाच्या अभ्यासक कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांची समज पाहण्यासाठी हीच युक्ती वापरली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ६ साठी सहा चिंचोके बाजूला केले, १ साठी एकच पुढे सारला, आणि उरलेल्या नऊ चिंचोक्यांकडे ती बराच वेळ संशयाने पाहत राहिली. ही मुलगी पाचवीत होती आणि ‘दशकस्थानी १, म्हणून स्थानिक किंमत १०’ हे वाक्य तिला तोंडपाठ होते. अशा मुलांना लाखांचे टिपण देण्याआधी दोन दिवस काड्यांचे गठ्ठे बांधायला लावणे बरे.

आता आपल्या ‘तीन लाख पाच हजार सात’कडे येते. काही मुले ३५००७ लिहितात, काही ऐकले तसे जोडून ३००००० ५००० ७ अशी आगगाडी करतात. दोघांच्याही लक्षात एकच गोष्ट आलेली नसते, ती म्हणजे आपल्या पद्धतीत हजाराच्या घरात दोन खुर्च्या, म्हणजे दोन अंकांच्या जागा, असतात आणि त्या दोन्ही भराव्याच लागतात. टिपणात मी डावीकडून कोटी, लाख, हजार अशी दोन-दोन चौकटींची घरे आणि शेवटी शतक, दशक, एकक यांचे तीन चौकटींचे घर आखते. त्याखाली वाक्य असते: ‘हजाराच्या घरात खुर्च्या २, ऐकू आलेला अंक ___, म्हणून रिकाम्या खुर्चीवर ___ बसवला.’ ही जागा फळ्यावरून उतरवता येत नाही, कारण मुलांच्या प्रत्येक जोडीला मी वेगळी संख्या देते. उत्तर ३,०५,००७ आले की स्वल्पविराम घरांच्या भिंतींवर पडतो, हे मुले स्वतःच दाखवतात. डावीकडचे पहिले घर अर्धे रिकामे राहिले तरी चालते, मधले मात्र राहू शकत नाही, हा अपवाद त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.

यात मराठीची आपली एक अडचण आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र नंतर. एकोणसाठमध्ये तर पाचाचा पत्ताच नसतो, त्यामुळे ‘एकोणसाठ हजार’ ऐकून ६९ लिहिणारी मुले मला दरवर्षी भेटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात मी शिरत नाही, पण अडचण खरी होती. म्हणून टिपणात संख्या अक्षरी असेल तिथे मी एक रकाना जास्तीचा ठेवते, ज्यात मूल ‘एकोणसाठ म्हणजे ५ दशक ९ एकक’ एवढे लिहून मगच चौकट भरते.

दुसरी मोलाची रिकामी जागा अशी: ‘३,४७,२०० रुपये केवळ शंभराच्या नोटांत द्यायचे, तर नोटा ___.’ शतकस्थानी २ आहे म्हणून बहुतेक मुले २ लिहितात आणि लगेच स्वतःच हसतात. ३,४७२ हे उत्तर येईपर्यंत हजाराचे दहा-दहा शंभर सुटे करावे लागतात, आणि स्थानिक किंमत खऱ्या अर्थाने कळते ती तिथेच. शिष्यवृत्तीच्या धाटणीचा ‘७,४७,३१८ मधील दोन ७ च्या स्थानिक किमतींतील फरक’, म्हणजे ६,९३,०००, हा प्रश्न त्यानंतर सोपा जातो. त्यावर वेगळा वेळ घालवू नये.

एका तासिकेला सहा ते आठ जागा पुरतात. मुलांनी जागा भरून शेजाऱ्याला दाखवल्यानंतरच मी फळ्यावर भरते. झेरॉक्सचा खर्च झेपत नसेल तर चौकटीच्या वहीत तक्ता आखून घ्यावा. पहिल्या दोन टिपणांत घरांची नावे असतात, तिसऱ्यात नुसत्या चौकटी आणि चौथ्या वेळी कोरे पान.

दशांश अपूर्णांक येतील तेव्हा नवा तक्ता काढू नये, हाच उजवीकडे वाढवावा. मुले तिथे ‘एकांश’ शोधतात, कारण दशांश चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असाव्यात असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात दशकाची जोडी दशांशाशी आणि शतकाची शतांशाशी जमते ती एकक मध्ये धरूनच. यासाठी एककाचा रकाना मी पहिल्या टिपणापासूनच वेगळ्या रंगाने रंगवून घेते.