घरात पैसे कमी पडले की आपण खर्च कमी करतो, मग सरकारने तेच केलं तर लोकांच्या नोकऱ्या का जातात?

घरात आपण खर्च कमी केला म्हणून आपला पगार कमी होत नाही, देशात मात्र होतो. सरकार जो खर्च करतं तो कुणाचा तरी पगार असतो, कुणाची तरी पेन्शन असते.

ग्रीसचं बघा. २०१० ला देश दिवाळखोरीच्या तोंडावर होता, आधीच्या सरकारांनी तुटीचे आकडे लपवले होते हेही खरंच. युरो वापरणाऱ्या देशांनी आणि आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) मिळून ११० अब्ज युरोचं कर्जाचं पॅकेज दिलं पण अटी घातल्या, पगार कापा, पेन्शन कापा, टॅक्स वाढवा. २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोवरून थेट ५८६ वर आणलं, पंचवीसच्या आतल्या पोरांना तर त्याहून कमी. आता लोकांच्या हातात पैसाच नाही म्हटल्यावर दुकानात कोण जाणार, मग दुकानं बंद, तिथली माणसं घरी, सरकारला टॅक्स कमी, की परत नवीन कपात. २०१३ ला बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली, तरुणांमध्ये निम्म्याहून जास्त. अर्थव्यवस्था जवळपास पाव हिस्सा आकसली आणि ज्या कर्जासाठी हे सगळं चाललं होतं ते जीडीपीच्या तुलनेत उलट वाढलं! कपातीचा फटका आपण धरला होता त्यापेक्षा जास्त बसतोय हे आयएमएफचेच तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी २०१३ च्या एका पेपरात मांडलं, पण तोपर्यंत लोकांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं.

आणि नोकरी गेली म्हणजे फक्त पगार गेला असं नव्हतं. तिथे आरोग्य विमा नोकरीला जोडलेला, त्यामुळे बरेच महिने बेकार राहिलं की विमाही जायचा. शेवटी डॉक्टरांनी स्वतःहून फुकट दवाखाने चालवले, विमा नसलेल्यांना सरकारी हॉस्पिटलात उपचार मिळायचा कायदा व्हायला २०१६ उजाडलं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो अर्थमंत्रालयाच्या सफाई कामगार बायकांचं आठवून. २०१३ मध्ये ५९५ जणींना काढून टाकलं, मुळात तुटपुंजा पगार, त्यातून तिजोरीत असे किती वाचणार होते? त्या लाल रबरी हातमोजे दाखवत मंत्रालयासमोर कित्येक महिने बसून राहिल्या, पोलिसांचा मार खाल्ला, पण हटल्या नाहीत. २०१५ ला सरकार बदललं तेव्हा त्यांना परत कामावर घेतलं. पण त्या वर्षांत लाखो तरुण, त्यात डॉक्टर इंजिनिअर भरपूर, जर्मनी-इंग्लंडला निघून गेले आणि त्यातले बरेच अजून तिकडेच आहेत.