नाणी घासायची घाई कशाला?

लक्ष्मीपूजनाला गठळी सुटते, रुपये चिंचेनं घासले जातात आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो. यंदाही तेच.

आजीचा १९०७चा चांदीचा रुपया काळा पडलाय. चमकवू का? (दारव्हा)
नाही. ही काळी झाक हवेतल्या गंधकाची आहे, ती नाण्याला खात नाही.

टूथपेस्टनं हलक्या हातानं घासलं तर चालेल? (आर्वी)
समई घासा.

वावरात वखरताना मातीनं माखलेली दहा-बारा नाणी निघाली. धुवायची कशी? (मंगरूळपीर)
धुण्याआधी तहसील गाठा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, निखात निधी कायदा १८७८चा असला तरी आजही लागू आहे. तुमच्याच भागात तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन (तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण) नाण्यांचा साठा निघाला होता. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावं त्यातून समोर आली. तेव्हा दोन मामाला, एक जावयाला असं वाटप करू नका. मातीसकट कागदात गुंडाळून ठेवा. त्यातलं एखादं शिशाचं निघालं तर पाण्यानंही बिघडेल.

तांब्याची जुनी शिवराई लिंबू-मिठानं धुतली. मस्त लाल झाली, पण पावसाळ्यात हिरवे ठिपके आले. परत धुऊ? (अचलपूर)
अजिबात नको! हा लिंबू-मिठाचा उपाय कुणी काढला देव जाणे, पण दर वर्षी तो चार-दोन शिवराया माझ्यासमोर मारून टाकतो. तांब्यावरचा गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट थर हे नाण्याचं कवच असतं. लिंबानं ते उतरतं. मग मिठातलं क्लोराइड उघड्या तांब्यात शिरतं, दमट हवा मिळाली की आतून आम्ल तयार होतं आणि नाणं पोखरत जातं. ओळख सोपी आहे: दातकोरणीचं टोक ठिपक्याला लावा. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटली आणि खाली खड्डा दिसला, तर हाच रोग. गेल्या वर्षी एकानं आणलेल्या शिवराईवर ‘छत्र’ शाबूत होतं, ‘पति’च्या जागी नुसता खळगा. श्रावणातच दाखवली असती तर वाचली असती. पण शेजारी म्हणाला, तेल लावा. तेलाखाली रोग चालूच राहतो. आज एवढंच करा: नाणं वेगळं काढा, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा. पुढची रसायनं घरी हाताळायची नाहीत.

मोबाइलवर एक जण रुपयाचे पाच लाख देतोय, आधी नोंदणीचे अडीच हजार मागतो. (मूल)
ठग आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्येच सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही. पैसे गेले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावा.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवली तर बरं ना? (पुसद)
पीव्हीसीच्या पाकिटात नाही. काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो. नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर नाणी आजच बाहेर काढा. चिकटा धरला असेल तर पुसू नका, तसंच नाणं जाणकाराकडे न्या.