वर्गात गेम आणि ॲप वापरून मुलं खरंच शिकतात का, की नुसता टाइमपास होतो?

शिकतात, पण गेम कुठला आणि तो तुम्ही कसा खेळवता यावर सगळं आहे. कहूतसारख्या क्विझमध्ये जो पटकन बटण दाबतो त्याला जास्त पॉइंट मिळतात, मग सावकाश विचार करणारी मुलं मागे पडतात आणि बाकीची अंदाजपंचे ठोकत सुटतात, मला याचं खरंच वाईट वाटतं कारण त्या सावकाश मुलांना बऱ्याचदा उत्तर येत असतं. टायमर वाढवता येतो, तो वाढवाच.

त्यापेक्षा फेट (PhET) बघा, स्क्रीनवरच विज्ञानाचे प्रयोग करून बघायचं साधन, अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेलं, फुकट आहे, आणि डाउनलोड करून ठेवलं तर नेट नसतानाही चालतं. त्यात एका तारेवर एकापुढे एक असे दोन बल्ब जोडा आणि आता एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल हे आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, मगच बल्ब काढा. दुसराही विझतो तेव्हा अर्धा वर्ग ‘असं कसं?’ म्हणून ओरडतो ना, तिथे स्क्रीन सोडून पाच मिनिटं बोला, खरं शिकणं तिथेच होतं. टॅब प्रत्येकाला नसला तरी चालेल, दोघातिघांत एक असला की मुलं आपसात वाद घालतात आणि ते हवंच आहे.