मटकी आज रात्रीच भिजत घाल

नाशिक,
मार्गशीर्षातला सोमवार

प्रिय लेकरा,

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला झोप लागेना. मेस बंद झाल्यापासून तुझ्या पोटाचे काय हाल चाललेत ते मला आधीच कळायला हवं होतं. सकाळी वडापाव, दुपारी कंपनीतलं कॅन्टीन, रात्री मोबाइलवरून मागवलेलं काहीबाही, आणि वीस तारीख उलटली की पगाराची वाट. परवा कधी नव्हे ती खिचडी लावलीस, ती तळाला लागली, तर अख्खा कुकर झाकणासकट बाल्कनीत नेऊन ठेवलास. तो अजून तिथंच आहे म्हणे. वर मला म्हणतोस, ‘काकू, आपल्याच्यानं स्वयंपाक व्हायचा नाही.’

होईल. बावीस वर्षं मी सातपूरला मेस चालवली. एमआयडीसीत कामाला आलेली, आयटीआयला शिकणारी किती पोरं माझ्याकडं जेवून गेली. रविवारी रात्री मेसला सुट्टी असायची, तेव्हा वरच्या खोल्यांतली पोरं स्वतः काहीतरी शिजवायची आणि पातेलं घेऊन खाली यायची, ‘काकू, चाखून सांगा.’ त्यांतल्या कुणाला पुढं स्वयंपाक आला आणि कुणाला नाही, हे मी पाहिलंय. हाताला चव असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पदार्थ बिघडल्यावर ज्यांना हसू फुटायचं, ती पुढच्या रविवारी परत कांदा चिरायला बसायची. ज्यांना राग यायचा, त्यांची शेगडी माळ्यावर जायची.

एकदा एका खोलीतली आमटी इतकी पातळ झाली की डाळ शोधावी लागत होती. त्यांच्यातल्याच एकानं दारावर खडूनं लिहिलं, ‘गंगापूर धरणातून विसर्ग सुरू. ताटाच्या काठावरील भाताने सतर्क राहावे.’ खाली दुसऱ्यानं भर घातली, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले.’ गोदेला पूर आला की आपण सगळे त्या मारुतीकडं बघून पाणी किती चढलं ते ठरवतो ना, तशी ती पोरं वाटीत चमचा उभा करून आमटी मोजत होती. मी दारात उभी राहून पोट दुखेस्तोवर हसले. आमटी मात्र त्यांनी सगळी संपवली, थेंबभरही टाकली नाही. पुढच्या रविवारी डाळ दुप्पट घातली. ज्याच्या हातून ती आमटी झाली, तो आज रोज सकाळी दोन डबे भरतो, एक स्वतःचा आणि एक बायकोचा.

तेव्हा आधी तो कुकर आत आण. पाणी आणि लिंबाच्या साली घालून चांगला उकळ, लाकडी उलथन्यानं खरवड सुटून येईल. खिचडी का लागली तेही सांगते. तू पाणी कमी घातलंस आणि गॅस शेवटपर्यंत मोठा ठेवलास. एक वाटी तांदळाला अर्धी वाटी मुगाची डाळ आणि साडेचार वाट्या पाणी घे. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर, आणखी दोन होऊ देत, मग बंद. वाफ आपोआप जिरू दे, शिट्टी उचलून घाई करू नकोस. गाजर, मूठभर वाटाणे, चिरलेला पालक, जे हाताशी असेल ते त्यातच घालायचं. भाजी वेगळी करायला नको आणि भांडंही एकच घासायचं. आणि पुन्हा कधी लागलीच, तर ढवळू नकोस. ढवळलं की करपल्याचा वास सगळ्या खिचडीला लागतो. वरची वर अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घे, सोबत ताक घे आणि जेव.

बिघडलेलं सावरता येतं हे एकदा कळलं की शेगडीची भीती जाते. म्हणून तुला पाककृतींच्या आधी हेच सांगतेय. आमटी खारट झाली की लोक तिच्यात बटाटा टाकतात, कणकेचा गोळा सोडतात. त्यानं फारसं काही होत नाही. बटाटा थोडं खारं पाणी पितो, एवढंच. त्यापेक्षा अर्धी वाटी डाळ बिनमिठाची शिजवून तिच्यात मिसळ, म्हणजे उद्याचीही आमटी झाली. पिठल्यात गाठी राहिल्या तर रवी घाल आणि घुसळ. भात गिच्च झाला तर तो गार करून दह्यात कालव, वरून मिरची-जिऱ्याची फोडणी दे आणि मित्राला सांग की आज मुद्दाम दहीभातच करायचा होता. भाकरी थापताना फाटली तर फाटू दे. तशीच तव्यावर टाक. गरम असताना कुस्करून त्यावर तेल, तिखट, कांदा घेतलास तर ती गोल होती की नव्हती हे कुणी विचारणार नाही. भाकरीचं पीठ मात्र ताजं दळलेलं घे आणि कढत पाण्यानं मळ. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो कढत पाण्यानं येतो. मळताना तळहाताच्या गादीनं रेटायचं, बोटांनी नव्हे. पीठ हाताखाली गुळगुळीत लागायला लागलं की थांब.

आता पैशांचं. महिन्यातून दोन तरी बुधवार गोदाघाटावरच्या बाजारात ये. तू तो बाजार पाहिलायस, पण भर दुपारी. अंधारायला आलं की खेड्यांतून आलेल्या बायकांना परतीची गाडी गाठायची असते. सकाळी एका जुडीचे जे पैसे मागतात त्यात तेव्हा दोन-तीन जुड्या देतात. मेथी, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, या दिवसांत काय नसतं तिथं! त्यांच्याशी घासाघीस मात्र करू नकोस. त्यांनी आपणहून भाव उतरवलेला असतो, त्याच्याही खाली ओढायचं म्हणजे त्यांच्या दिवसभराच्या उन्हाचे पैसे कापायचे.

आणि संपेल तेवढंच घे. हे मला फार महागात पडून कळलं. मेसच्या दुसऱ्या वर्षी एका दुकानात बेसन स्वस्त मिळालं म्हणून वीस किलो उचललं. ते मुळातच जुनं होतं. श्रावणात डबा उघडला तर पिठाला जाळी धरलेली आणि आत अळ्या. सगळं टाकावं लागलं. त्या महिन्यात दूधवाल्यासमोर उभं राहून ‘पुढच्या महिन्यात देते’ म्हणताना माझा जीव अर्धा झाला. त्यानंतर मी पीठ आठवड्यापुरतंच आणलं, मग भाव काही असो. घरी आलेली पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपव, मग वांगी-दोडकी, आणि कोबी, गाजर, लाल भोपळा शेवटी. दोडक्याच्या शिरा फेकू नकोस. तीळ आणि सुकं खोबरं घालून परतल्या की त्यांची कुरकुरीत चटणी होते. मुळ्याच्या पाल्याची भाजी होते. कोथिंबिरीच्या काड्यांत तर पानांपेक्षा जास्त वास असतो, त्या आमटीत जाऊ देत.

मेथी आणलीस की पहिल्याच रात्री घोळाणा कर. पानं धुऊन कोरडी कर, बारीक चिर, त्यात चिरलेली कांद्याची पात, मूठभर दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि चमचाभर तेल. हातानंच चुरून पाच मिनिटं ठेव. पानं मऊ पडतात, कडूपणा दाण्यात विरतो, आणि गॅस पेटवावाच लागत नाही. शेंगदाण्याला कमी लेखू नकोस. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. जिमच्या बाहेर पावडरचे डबे विकत घेणारी पोरं बघितली की मला त्यांच्या हातावर दाणे-गूळ ठेवावासा वाटतो.

कांदा महागला की सगळे असं बोलतात जणू स्वयंपाकच थांबला. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, तरी आपणच सगळ्यात जास्त रडतो. अरे, चातुर्मास पाळणारी घरं आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर भजी आणि थालीपीठ खातात, कांद्याला हसत निरोप देतात आणि पुढचे चार महिने हिंग, जिरं, आलं, तीळ, खोबरं यांच्यावर उत्तम रांधतात. टोमॅटो चढला की चिंच घे, आमसूल घे. आणि उलट, भाव पडले की भरपूर खा. तेव्हा पिकवणाऱ्याच्या घरी दिवाळं निघालेलं असतं, निदान आपल्या ताटात तरी त्याच्या मालाला मान मिळू दे.

मिसळ सोड, असं मी नाशिकच्या माणसाला सांगणार नाही. रविवारी मित्रांबरोबर जा, तर्री मागून घे, नाक पुसत खा. पण रोजची उसळ खोलीवर कर. एका मिसळीच्या पैशांत अर्धा किलो मटकी येते. मोड आले की ती दुपटीहून जास्त होते आणि तुम्हा दोघांना चार वेळा पुरते. मोड आल्यानं ती पचायला हलकी होते, शिजायला गॅसही कमी लागतो. पळीभर तेलात जिरं, कांदा, काळा मसाला परत, मटकी घाल, ती बुडेल एवढं गरम पाणी ओत आणि झाकण ठेव. बोटात दाबून मोडली पण मोड तुटला नाही, की झाली. पावाऐवजी भाकरी घे. कडधान्यातल्या प्रथिनांत जे उणं असतं ते धान्य भरून काढतं आणि धान्यातलं उणं कडधान्य. आपल्या आज्यांनी उसळ-भाकरी, वरण-भात या जोड्या उगाच नाही लावल्या. वरून लिंबू पीळच. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळं मटकीतलं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा पितोस ना, तो मात्र तेच लोह अडवतो. तासभर थांबत जा.

नागली, म्हणजे नाचणीही आण. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा इथल्या दुकानांत नागलीची बिस्किटं चकचकीत पाकिटांतून मिळायला लागली. पेठ, सुरगाण्याकडं ती पाड्यापाड्यावर रोजच्या ताटात पिढ्यानपिढ्या आहे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बिस्किटं राहू देत. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालव, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा, ताक-मीठ घाल आणि रात्रपाळीला निघताना पिऊन जा. तीन-चार तास पोट कुरकुर करणार नाही. तू अंडी खात नाहीस, म्हणून दही-ताक चुकवू नकोस. बी-१२ डाळी-भाज्यांतून मिळत नाही.

मिठावर लक्ष ठेव. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, एवढं पुरे. पापड, लोणचं, फरसाण, नूडल्सची पाकिटं यांतलं मीठ त्यातच धरायचं.

आणखी एक. तुझ्या खोलीतला दुसरा मुलगा स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही म्हणालास. त्याला शिकवायला जाऊ नकोस. त्याला नुसतं शेगडीपाशी बसव, लसूण सोलायला दे आणि त्या दिवशीच्या पदार्थाला नाव ठेवायचं काम त्याच्याकडं सोपव. माझ्याकडं असा एक मुलगा होता. त्यानं वर्षभर कशाला हात लावला नाही, फक्त नावं ठेवली. जळक्या पोळीला ‘अमावस्या’, न फुगलेल्या भाकरीला ‘पंक्चर’. एक दिवस भाकरी थापणारा तापानं झोपला, तर हा उठला आणि पहिल्याच भाकरीला असा पापुद्रा आणला की सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. वर्षभर शेजारी बसून त्यानं सगळं बघितलं होतं. त्या दिवशी त्या भाकरीला नाव काय द्यावं हे मात्र त्याला सुचेना.

परवा बुधवार आहे. तुझी सकाळची पाळी आहे ना? मग संध्याकाळी सहाला घाटावर ये, दुतोंड्या मारुतीपाशी थांब, दोन कापडी पिशव्या आण. बाजार करून तुझ्याच खोलीवर जाऊ. बाजरीचं पीठ आणि काळा मसाला मी आणते. कुकर घासलेला पाहिजे.

हे पत्र तुझ्या खालच्या मजल्यावरच्या मुलाबरोबर पाठवतेय, म्हणजे आजच मिळेल. वाचून झालं की दोन वाट्या मटकी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाल. उद्या कामावर जाताना पाणी काढून टाक आणि ओल्या फडक्यात घट्ट बांध. थंडी फार आहे, उघड्यावर ठेवलीस तर मोड रुसतील. पुरचुंडी पातेल्यात ठेवून झाकण लाव आणि भोवती तुझा तो जाड स्वेटर गुंडाळ. एक रात्र तू गोधडीवर भागव.

तुझी,
मेसवाली काकू